न ऐकलेल्या इंग्रजीचे वीस गुण

पहिलीपासून हिंदी शिकवायची की नाही, यावरून २०२५ साली महाराष्ट्रात मोठे रणकंदन झाले. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, विरोध पेटला आणि २९ जूनला सरकारने माघार घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा केली. मराठीच्या नावाने एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले, साहित्यिक बोलले, वाहिन्यांवर रात्र रात्र चर्चा झडल्या. मातृभाषेची बाजू घेणाऱ्यांशी आपले भांडण नाही. पण या गदारोळात एक प्रश्न मागे पडला आणि तो बहुजनांच्या पोरांचा प्रश्न आहे. तिसरी भाषा राहू द्या बाजूला. जी भाषा पहिलीपासून शिकवायला लागून पंचवीस वर्षे झाली, त्या इंग्रजीचे काय झाले?

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना. ‘आता मराठी मरणार’ असा गळा काढणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि त्यातल्या कित्येकांची स्वतःची नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकत होती. बहुजन समाजाने मात्र या निर्णयाकडे आशेने पाहिले. जे इंग्रजी आजवर पैसे मोजून मिळत होते ते आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळणार, असे त्याला वाटले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी इथल्या अभ्यासिकांत ती आणि त्यांच्या मागून आलेली मुले पुस्तके घेऊन बसलेली दिसतात. कशाची तयारी चालली आहे, असे विचारले तर बहुतेकदा पहिले उत्तर येते, पोलीस भरती.

पोलीस होण्यात काही वाईट नाही. पण एवढी गर्दी त्याच दारावर का? पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण, अंकगणित, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. इंग्रजी नसते. रानात आणि उसाच्या फडात घडलेले शरीर मैदान मारते आणि लेखीत इंग्रजी आडवे येत नाही. पोरांनी ही वाट आवडीने निवडली असे आपण म्हणतो. खरे म्हणजे बाकीच्या वाटांवर इंग्रजीचे फाटक लागलेले आहे, म्हणून त्यातली कित्येक या वाटेला वळली आहेत.

हे फाटक कुठे कुठे आहे ते एकदा नीट मोजून घेऊ. २०२३ सालची तलाठी भरती घ्या. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून अधिक अर्ज. २०० गुणांच्या त्या परीक्षेत २५ प्रश्न म्हणजे ५० गुण इंग्रजीला होते. ज्याने जन्मभर मराठीतला सातबारा आणि फेरफार लिहायचा, त्याची निवड चौथाई इंग्रजीवर! बँकेतील लिपिकाची आयबीपीएसची पूर्वपरीक्षा घ्या. इंग्रजीचे ३० प्रश्न आणि वेळ २० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. त्यातच उतारा वाचायचा, समजून घ्यायचा आणि उत्तर द्यायचे. २०२१ साली केंद्राने ही परीक्षा मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत घेण्याची शिफारस केली तेव्हा आनंद झाला, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच राहिला.

यूपीएससीचे बघा. २०११ साली पूर्वपरीक्षेत सीसॅट आला आणि ग्रामीण, भारतीय भाषांतून शिकलेली मुले त्याखाली भरडली गेली. २०१४ साली दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेत न धरण्याचा निर्णय झाला. २०१५ पासून हा पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता राहिला. तरीही त्यातले उतारे छापले जातात इंग्रजीत आणि त्याच्या हिंदी भाषांतरात. बीडच्या मुलाला आपल्या भाषेतला उतारा मिळतच नाही. मुख्य परीक्षा मराठीत लिहायची मुभा आहे, पण ३०० गुणांचा इंग्रजीचा पेपर सक्तीचा आहे. त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर विचारातच घेतले जात नाहीत. आणि परदेशी शिकायला जायचे असेल तर? महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची १९५४-५५ पासून चालत आलेली राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. परंतु विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती येण्याआधी बहुधा आयईएलटीएससारखी परीक्षा द्यावी लागते. तिच्यात ऐकण्याचे ४० प्रश्न असतात, साधारण अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण असते आणि ते एकदाच ऐकवले जाते.

एकदाच! इथे आपला मुलगा अडतो. कारण दहावी-बारावीपर्यंत त्याने इंग्रजी पाहिलेले असते, पाठ केलेले असते, पण ऐकलेले नसते.

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत भाषेचे ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी असतात. ऐकणे आणि बोलणे तपासण्यासाठी हे २० गुण आहेत. कागदावर ही उत्तम गोष्ट आहे. प्रत्यक्षात हे गुण शाळेनेच द्यायचे असतात आणि निकालही शाळेचाच लागायचा असतो. मग ध्वनिमुद्रण कोण ऐकवतो, प्रश्न कोण विचारतो? वर्गातल्या हुशार पोराला आणि मागच्या बाकावरच्या पोराला जवळपास सारखेच गुण पडतात हे गावोगावच्या पालकांना ठाऊक आहे. २०१९ सालची गोष्ट आठवा. त्या वर्षी दहावीला हे अंतर्गत गुण काढून टाकले होते आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, ऑगस्टमध्ये गुण परत दिले गेले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०२० मध्ये कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता हेही खरे. तरीपण २० गुणांची करामत लपत नाही. त्या गुणांनी निकाल वर चढला, पोरांचे कान मात्र होते तिथेच राहिले.

लेखी पेपरात आकलनाचा उतारा असतो, तिथेही तीच गत आहे. पाठ्यपुस्तकातला ‘सीन पॅसेज’ आणि बाहेरचा ‘अनसीन पॅसेज’ हे शब्द खेड्यातल्या पोरालाही माहीत असतात. सीन पॅसेजची उत्तरे गाइडात तयार मिळतात. अनसीनला गाइड नाही. म्हणून पोरे युक्ती शिकतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूची ओळ जशीच्या तशी उतरवायची. बरेचदा गुण मिळतात. पण अर्थ कळलेला नसतो. ‘असर’च्या २०२३ सालच्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांची पाहणी आहे. त्यातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि वाचू शकणाऱ्यांपैकी ७३.५ टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. हिशेब केला तर शंभरातल्या बेचाळीस पोरांना साध्या इंग्रजी वाक्याचा अर्थ लागतो. बाकीची अठ्ठावन्न ऐन तारुण्यात या फाटकाच्या बाहेर उभी आहेत.

बीडमध्ये याला आणखी एक पदर आहे, तो उसाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि पाच-सहा महिने फडाशेजारी कोप्या टाकून राहतात. यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आणि मातंग आहेत, गरीब मराठाही आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लेकरे मागे. गणिताचे दोन धडे बुडाले तर पुढे भरून काढता येतात. जी भाषा घरात नाही, गल्लीत नाही, फडात नाही, ती फक्त शाळेच्या चार भिंतींत कानावर पडणार होती. शाळा सुटली की तीही गेली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ साली जाहीर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याची. हंगामी वसतिगृहेही चालतात. तिथे मुलांच्या पोटाची आणि अंथरुणाची सोय होते, ती झालीच पाहिजे. पण रात्रीच्या दोन तासांत त्या मुलांच्या कानावर काय पडते, हा प्रश्न कोणत्या तपासणीत विचारला जातो?

कान हा आपल्या इतिहासात साधा अवयव नाही. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेले कथील आणि लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ज्ञानावरची मक्तेदारी राखायची तर आधी ऐकण्यावर बंदी घालावी लागते, हे त्या व्यवस्थेला पुरते कळले होते. आज ओतायला कोणी कथील घेऊन येत नाही. न ऐकवताच वीसपैकी अठरा गुण देऊन टाकले की काम भागते, आणि आईबाप खूश होऊन पेढे वाटतात. ज्याला ऐकू दिले नाही त्यालाच पास केले, तर तो तक्रार तरी कशाची करणार?

बीडने परकी राजभाषा पूर्वीही भोगली आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. जमिनीचा कागद, कोर्टाचा हुकूम वाचून घ्यायला कुणब्याला आणि महाराला जाणत्याच्या दारात उभे राहावे लागे. जाणता जे सांगेल तेच कागदात आहे असे मानून चालावे लागे. आज उर्दूच्या जागी इंग्रजी आली आहे, एवढाच फरक. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात बीडच्या अत्याचाराच्या खटल्याचे अपील जाते, तेव्हा गावात मराठीत नोंदलेल्या फिर्यादीचा निकाल इंग्रजीत लागतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच आपला निकाल दुसऱ्याकडून ऐकावा लागतो.

म्हणूनच आपल्या पूर्वसूरींनी इंग्रजीकडे परकी भाषा म्हणून पाठ फिरवली नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची बाजू इंग्रजीतून मांडली. सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिका असे सांगणारी कविता आहे. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढला, कारण त्यांना आपल्या माणसांशी बोलायचे होते. आणि १९३० साली गोलमेज परिषदेत ते इंग्रजीत बोलले, कारण तिथे सत्तेशी बोलायचे होते. मराठी सोडा असे त्यांनी कुठे सांगितले नाही आणि इंग्रजीला घाबरा असेही सांगितले नाही. १९५० साली औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यातील मुलांना उच्च शिक्षण मिळावे, हाच त्यामागचा हेतू होता.

आता कोणी म्हणेल, परीक्षांतून इंग्रजीच काढून टाका की. जिथे कामाला इंग्रजी लागत नाही तिथून ती जरूर काढा. तलाठ्याला ५० गुणांची इंग्रजी ही चाळणी आहे आणि चाळणीच्या खाली कोण उरते हे सांगायला नको. यूपीएससीची पूर्वपरीक्षा मराठीत द्या, हीही न्याय्य मागणी आहे. पण या मागणीवर आपण थांबलो तर फसू. न्यायालय, उच्च शिक्षण, संशोधन, परदेशी विद्यापीठ इथून इंग्रजी जाणार नाही. ज्यांची मुले तिथे आधीच बसली आहेत, ती आपल्यासाठी भाषा बदलणार नाहीत. चाळणीला विरोध आणि हत्यारावर ताबा, दोन्ही एकाच वेळी केले पाहिजे.

हत्यार हा शब्द उगाच वापरलेला नाही. आयईएलटीएसच्या वाचनात एक प्रश्नप्रकार असतो. एखादे विधान द्यायचे आणि विचारायचे, उताऱ्यानुसार ते खरे, खोटे, की उताऱ्यात दिलेलेच नाही? आपली मुले सर्वात जास्त चुकतात ती तिसऱ्या पर्यायात, असे शिकवणारे सांगतात. कारण जे आपल्याला माहीत आहे किंवा पटते, ते उताऱ्यातही असणार असे आपण धरून चालतो. आता ही कसोटी चळवळीला लावून बघा. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल सहा विरुद्ध एक असा दिला. निकालाची पाने ५६५, सगळी इंग्रजी. त्याच दिवशी मोबाइलवर निरोप फिरू लागले, ‘कोर्टाने एससींना क्रीमी लेयर लावला.’ खरे, खोटे, की दिलेले नाही? चार न्यायमूर्तींनी क्रीमी लेयर असावा असे मत आपापल्या निकालपत्रात नोंदवले. पीठापुढचा प्रश्न उपवर्गीकरणाचा होता, क्रीमी लेयर लागू करण्याचा आदेश त्यात नव्हता. मत आणि आदेश यातला हा फरक ज्याला वाचून कळतो तो नेमका लढतो. ज्याला कळत नाही तो दुसऱ्याच्या निरोपावर रस्त्यावर येतो आणि दुसऱ्याच्या निरोपावर घरी जातो. उपवर्गीकरणाच्या बाजूने असो की विरोधात, निकाल न वाचता घेतलेली बाजू ही उसनी बाजू असते.

त्याआधीचे २०२० सालचे मुकेश कुमार विरुद्ध उत्तराखंड प्रकरण घ्या. संविधानाच्या कलम १६ मधली पदोन्नतीच्या आरक्षणाची तरतूद राज्याला अधिकार देते, पण राज्यावर ते बंधन नाही, असे न्यायालयाने ७ फेब्रुवारीला म्हटले. हजारो कर्मचाऱ्यांच्या बढतीचा प्रश्न एका इंग्रजी वाक्याच्या रचनेवर येऊन थांबला. कायद्याच्या भाषेत ‘मे’ म्हणजे करता येईल आणि ‘शाल’ म्हणजे करावेच लागेल. करारात ‘अनलेस’ हा एक शब्द नजरेतून सुटला तर अट उलटी होते. परीक्षेतला आकलनाचा उतारा हा याच कामाचा सराव आहे. तो नोकरीपुरता आहे असे मानणे ही आपली गफलत आहे.

उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने ‘इंग्रजी देवी’च्या मंदिराचे काम सुरू झाले होते. त्यामागची तळमळ समजते. पण बुद्धाचा मार्ग घेतलेल्या समाजाला आणखी एका देवीची गरज नाही. इंग्रजी पूजेने येत नाही, सरावाने येते आणि हा सराव महागडा नाही. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या फुकट ऐकता येतात. रोज एक बातमीपत्र घ्यावे. पहिल्यांदा नुसते ऐकावे आणि काय कळले ते मराठीत दोन ओळींत लिहावे. दुसऱ्यांदा ऐकून नावे, आकडे, तारखा टिपाव्यात. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत कान किती वेळा फसतो ते तिथेच कळेल. आपल्या जुन्या शाळेतले श्रुतलेखन म्हणजे हेच. महिनाभराने एकदाच ऐकून लिहायची सवय लावावी, कारण परीक्षेत दुसरी संधी नसते. वाचनाला घड्याळ लावावे. प्रत्येक शब्दासाठी शब्दकोश उघडू नये, आजूबाजूच्या वाक्यांवरून अर्थाचा अंदाज बांधावा. आणि पर्याय निवडताना स्वतःला विचारावे, हे मला पटते म्हणून निवडतो आहे की उताऱ्यात आहे म्हणून?

हे एकट्या पोराच्या जिवावर टाकून मोकळे होता येणार नाही. शासनाकडे आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. तोंडी परीक्षेचे २० गुण रद्द करू नका, पण ऐकण्याची परीक्षा मंडळाने पाठवलेल्या एकाच ध्वनिमुद्रणावर साऱ्या राज्यात एका वेळी घ्या आणि तपासणी शाळेबाहेर करा. समाजकल्याणची वसतिगृहे, शासकीय निवासी शाळा, ऊसतोड कामगारांच्या मुलांची वसतिगृहे इथे रोज एक तास इंग्रजी ऐकण्या-वाचण्याचा ठेवा आणि त्याला शिकवणारा माणूस द्या. बार्टीच्या प्रशिक्षणात परदेशी विद्यापीठांच्या भाषा परीक्षेची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून घ्या. शिष्यवृत्तीची जाहिरात निघाल्यावर दोन महिन्यांत कान तयार होत नसतात.

आणि आपल्याकडून? एके काळी ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही पत्रे वस्तीत एकजण वाचायचा आणि अक्षरओळख नसलेली माणसे भोवती बसून ऐकायची. ऐकून समजून घेणे ही या समाजाची जुनी ताकद आहे, जलशांनी ती वाढवली. आज बीड जिल्ह्यात कित्येक गावांत बुद्ध विहार आहे आणि विहारात ध्वनिक्षेपक आहे. जयंतीला त्यावर दहा दिवस गाणी वाजतात, ती वाजू द्या. उरलेल्या दिवसांत संध्याकाळी अर्धा तास त्याच ध्वनिक्षेपकावर एक इंग्रजी बातमीपत्र लावा, भोवती दहा पोरेपोरी वही घेऊन बसू द्या, आणि गावातल्या शिकलेल्या मुलीला ते तपासायला सांगा. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा तिच्या मानधनाला द्या. पहिल्या आठवड्यात वहीत चार शब्द येतील. सहा महिन्यांत बातमी येईल.